खाऱ्या पाण्याचे स्तंभ : जाम्बावा मराविली यांची शिल्पकला

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्नहेम लँडच्या पूर्व भागात, योल्ङू ह्या आदिवासी लोकांची वस्ती आहे. त्यांच्यातील मदार्पा कुळाचे प्रमुख जाम्बावा मराविली (जन्म १९५३) हे चित्रकार आणि शिल्पकार म्हणून ख्यातनाम आहेत. त्यांच्या काष्ठस्तंभांपुढे उभा राहिलेला परका रसिक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो विषयाचा. स्तंभावर समुद्र आहे असे त्याला सांगितले जाते. परंतु लाट, होडी वा क्षितिज ह्यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. दिसतात त्या अतिसूक्ष्म रेषांनी भरलेल्या, एकीत एक गुंतलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींच्या माळा.

हा स्तंभ, ज्याला योल्ङू भाषेत ‘लाराकिच’ म्हणतात, तो वस्तुतः निलगिरीच्या कुळातील एका वृक्षाचे वाळवीने आतून पोखरलेले खोड होय. पूर्वी मृत्यूनंतर काही काळाने अस्थी गोळा करून अशा खोडात ठेवीत. आज तो मुख्यतः कलावस्तू म्हणून घडविला जातो. पोकळी वाळवीने केलेली, वाक आणि गाठी झाडाच्या. शिल्पकार साल सोलतो, पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि गेरू, पिवडी, पांढरी माती व काळा रंग घेऊन, माणसाच्या केसांच्या बारीक कुंचल्याने तो पृष्ठभाग भरून काढतो. दगडातून आकार खोदून काढणाऱ्या शिल्पाशी ह्याची तुलना करणे व्यर्थ आहे. ह्या स्तंभाला दर्शनी बाजूच नसते. आकृतिबंध भोवती फिरत जातो आणि पाहणाऱ्यालाही फिरावयास लावतो.

हा आकृतिबंध कोठून आला? मदार्पांच्या परंपरेनुसार त्यांचा आद्य पूर्वज बारू, म्हणजे मगर, अग्नीने होरपळून ब्लू मड उपसागरातील याथिक्पा येथे समुद्रात शिरला आणि तो अग्नी आजही त्या पाण्याखाली धगधगत आहे. शंकरपाळ्यांच्या त्या माळांत ज्वाळा आहेत आणि खवळलेले खारे पाणीही आहे. मात्र ही रचना समुद्रासारखी दिसते म्हणून समुद्राची ठरत नाही. ती एका विशिष्ट पाण्याची आहे आणि त्या पाण्याचे जे उत्तराधिकारी, त्यांनाच ती रेखाटण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याने ती काढली तर ते अनुकरण ठरणार नाही, अपहार ठरेल. आपल्या सौंदर्यविचारात आकृतीच्या अधिकाराचा प्रश्न फारसा येत नाही. येथे तो आकृतीच्या मुळाशीच आहे.

ह्या अधिकाराची कसोटी लवकरच लागली. १९९६ साली गारांगाली ह्या बारूच्या पवित्र स्थळी मराविलींना मासेमारांचा एक बेकायदा तळ आढळला. बारामुंडी, म्हणजे कोकणच्या खाड्यांतला जिताडा, पकडण्यासाठी ही मंडळी तेथे येत. तेथील गोणपाटाच्या पोत्यात मगरीचे तोडलेले मस्तक होते. मराविलींनी ह्याला उत्तर दिले ते चित्रांनी. त्यांच्या पुढाकाराने ४७ कलावंतांनी खाऱ्या पाण्यावरील आपापल्या कुळांचा हक्क सांगणारी ८० चित्रे वृक्षसालीवर काढली. ती पुढे सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने घेतली. ह्याला पूर्वपरंपरा होती : १९६३ साली यिर्काला येथील योल्ङूंनी खाणकामाविरुद्ध संसदेकडे पाठविलेले अर्ज चित्रित सालीवरच चिकटविलेले होते. तो लढा जमिनीचा होता. पाणी मात्र कोणाचेच नाही, असे बाहेरचे लोक गृहीत धरीत. योल्ङूंना हे गृहीत विचित्रच वाटावे. समुद्र हा त्यांच्या देशाचा शेवट कधीच नव्हता. १९०७ पर्यंत मकास्सरचे नावाडी समुद्रकाकडीसाठी मोसमी वाऱ्यांबरोबर तेथे येत. पैशाला योल्ङू भाषेत आजही ‘रुपिया’ म्हणतात, तो त्या ये-जा करणाऱ्या गलबतांचाच वारसा.

३० जुलै २००८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लू मड उपसागराच्या खटल्यात, आदिवासींच्या जमिनीवर चढणाऱ्या भरतीच्या पाण्यात त्यांच्या अनुमतीवाचून मासेमारी करता येणार नाही, असा निर्णय दिला. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला तो लागू पडतो.

तथापि मराविलींची कला दस्तऐवजाच्या कक्षेत पुरतेपणी मावत नाही. दस्तऐवजाचे काम उघड करण्याचे असते. त्यांच्या इ. स. २००० नंतरच्या कामात ‘बुवायाक’, म्हणजे अदृश्यता, ही कल्पना प्रभावी आहे : मगर, मासा, मनुष्य ह्यांच्या आकृती हळूहळू आकृतिबंधात बुडून जातात. रेषांची घनता वाढते तसे चित्रातील कथावस्तू मागे सरते. जाणत्याला सर्व काही कळते आणि इतरांना केवळ पृष्ठभागाची थरथर जाणवते. काही समीक्षकांना ह्यात अमूर्तवादाची चाहूल लागली. ते सयुक्तिक नाही. अमूर्तवादी चित्रकार विषय टाकून देतो. येथे विषय आपल्या जागी आहे, झाकलेला आहे.

न्यायालयाने दिलेला हक्क ओहोटीच्या रेषेपाशी थांबतो. बारूचा अग्नी त्या रेषेच्या पलीकडे, खोल पाण्यात आहे.