अंड्याऐवजी टाकी

फ्लूची लस आजही बहुतांशी कोंबडीच्या अंड्यातच वाढते. आत पिल्लू धरलेल्या अंड्यात विषाणू टोचायचा आणि दोन-तीन दिवसांनी द्रव काढून घ्यायचा. पण विषाणू मोठा बेरकी! अंड्यात रुळताना तो, विशेषतः त्याचा एच३एन२ हा प्रकार, आपलं रूप किंचित बदलतो. मग लस शरीराला ओळख करून देते एकाची, आणि घरात शिरतो दुसराच.

यावरचा एक उतारा कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आला. १९५८मध्ये मॅडिन आणि डार्बी या संशोधकांनी एका कॉकर स्पॅनियलकडून घेतलेल्या पेशींची वंशावळ अजून वाढते आहे. मोठ्या टाक्यांत त्या पेशी पोसून, त्यांत विषाणू वाढवून केलेल्या लशीला अमेरिकेत २०१२मध्ये परवानगी मिळाली. गंमत म्हणजे, टाकीत सोडायचा मूळ विषाणू तेव्हा अंड्यातूनच यायचा! एच३एन२पुरता तो २०१७-१८च्या हंगामात थेट पेशींतून आला.