वहीही हवी, मैत्रिणीही

नानीच्या वयाच्या बायकांच्या तोंडची लग्नातली गाणी मी दोन वर्षांपासून वहीत उतरवून घेत आहे. हळदीची, मेंदीची, रुखसतीची. ती येणाऱ्या बायका आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या, म्हणून रविवार मोलाचा. पण सहा दिवस शाळा आणि घर सांभाळल्यावर मैत्रिणींनाही तोच एक वार मिळतो. चार वेळा नाही म्हटले की पाचव्यांदा कोणी विचारत नाही, आणि चाळिशीत तुटलेली मैत्री जुळवायला शाळा-कॉलेजचे दिवस परत येत नाहीत.

मौलाना आझाद १९४२ ते १९४५ अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते. तिथले त्यांचे ‘गुबारे खातिर’ म्हणजे मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली पत्रे. चहापासून चिमण्यांपर्यंत सारे त्यात आहे. पत्रे तेव्हा पाठवता येत नव्हती, तरी लिहिताना समोर मित्रच होता. मैत्री ही लिखाणाची वैरीण, असे मला म्हणूनच पटत नाही.

हिशेब मात्र हवा. फजरनंतरचा पाऊण तास माझ्या वहीचा; सुट्टी असो की सहल. तेव्हा मोबाईल दुसऱ्या खोलीत. मग महिन्यातले दोन रविवार मोकळ्या मनाने मैत्रिणींचे. नुसते मॉलमध्ये फिरायचे असेल तर मी सरळ नाही म्हणते. (त्या रागावतात, राग उतरतोही.)

गेल्या सहलीत बसमध्येच एकीने सासूचे गाणे गुणगुणले. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. पुढचा रविवार, इन्शाअल्लाह, त्यांच्याच अंगणात, सगळ्या मिळून.