मेरिलिनच्या माघारी मेरिलिन कुणाची?

मेरिलिन मन्रोने १४ जानेवारी १९६१ रोजी मृत्युपत्रावर सही केली, तेव्हा ती ३४ वर्षांची होती. आर्थर मिलरशी मांडलेला संसार मोडला होता आणि न्यूयॉर्कमध्ये अभिनयगुरू ली स्ट्रासबर्ग यांचं घर हेच तिचं माहेर झालं होतं. मृत्युपत्र आटोपशीर होतं. मनोरुग्ण आईच्या देखभालीसाठी एक लाख डॉलरचा निधी, सावत्र बहिणीला दहा हजार डॉलर, एका मित्र दांपत्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी काही रक्कम. कपडे आणि खासगी चीजवस्तू स्ट्रासबर्ग यांच्याकडे. त्या त्यांनी आपल्या स्नेह्यासोबत्यांत वाटाव्यात, अशी इच्छा. उरलेल्या मालमत्तेचा तीन चतुर्थांश वाटाही स्ट्रासबर्ग यांना आणि एक चतुर्थांश मानसोपचारतज्ज्ञ मॅरियन क्रिस यांना. तो मात्र त्यांनी आपल्या पसंतीच्या मानसोपचार संस्थेच्या कामी लावायचा.

चेहरा, नाव, आवाज यांचं काय करायचं, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. वकिलाला ते सुचण्याचं कारणही नव्हतं. मेलेल्या माणसाचा चेहरा ही मालमत्ता असू शकते, हे तेव्हा न्यूयॉर्कच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या गावीही नव्हतं.

मेरिलिनच्या जन्माला २०२६ मध्ये शंभर वर्षं होतात. तिच्या माघारी तिच्या चेहऱ्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, कायदे बदलले, कंपन्या आल्या आणि गेल्या. दिवंगत ताऱ्याची प्रतिमा सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला याहून बोलकं प्रकरण सापडणं कठीण. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कायदा मालक ठरवतो. पण त्या मालकाला ती व्यक्ती किती ठाऊक होती, हे तो विचारत नाही.

कपाटातून लिलावात

१९६२ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजलिसमधल्या ब्रेंटवुडच्या घरात मेरिलिनचा मृत्यू झाला. घर तिने त्याच वर्षी घेतलं होतं. 'सम लाइक इट हॉट'च्या उत्पन्नातला तिचा वाटा पुढेही येत राहिला, पण देणी आणि कर भागवता भागवता वारसांच्या हाती काही पडायला वर्षं लागली. १९८० मध्ये मॅरियन क्रिस वारल्या आणि त्यांचा चौथा हिस्सा लंडनला, ॲना फ्रॉइड यांनी उभारलेल्या बालमानसोपचार केंद्राकडे गेला. अनाथाश्रमात आणि परक्यांच्या घरी बालपण काढलेल्या मुलीचा पैसा लहान मुलांच्या मनावरच्या उपचारांसाठी वापरला जाऊ लागला. मृत्युपत्रातली ही एक इच्छा तरी जशीच्या तशी पाळली गेली.

तीन चतुर्थांश हिश्शाची वाट वेगळीच निघाली. ली स्ट्रासबर्ग १९८२ मध्ये गेले. मेरिलिनचं बरंचसं सामान त्यांच्याकडे तसंच पडून होतं. वाटप त्यांच्या मर्जीवर सोपवलेलं असल्याने कुणी जाब विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ते सगळं त्यांच्या पत्नी ॲना यांच्याकडे आलं. लींशी त्यांचं लग्न झालं ते मेरिलिन गेल्यानंतर. ऑक्टोबर १९९९ मध्ये क्रिस्टीजने न्यूयॉर्कमध्ये या सामानाचा लिलाव केला आणि त्यात १ कोटी ३४ लाख डॉलर जमले. मे १९६२ मध्ये मेडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अध्यक्ष केनेडींना वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना घातलेला झगा एकटाच साडेबारा लाख डॉलरच्या वर गेला. २०१६ मध्ये तो ४८ लाख डॉलरना रिप्लीज कंपनीने घेतला आणि २०२२ च्या मेट गालाला तो किम कार्दशियनच्या अंगावर दिसला. ऐतिहासिक वस्त्रं कुणीही अंगात घालू नयेत, असं संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यानंतर बजावलं. पण झगा आता रिप्लीजचा होता. नको म्हणण्याचा अधिकार असलेलं कुणी उरलंच नव्हतं.

एका टी-शर्टाचे चार धनी

वस्तूंचं सोपं असतं. ज्याच्या ताब्यात, तो मालक. चेहऱ्याचं तसं नाही. मेरिलिनचं चित्र टी-शर्टवर छापायचं, तर किती जणांना विचारावं लागेल? छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराचा. सिनेमातली चौकट असेल, तर ती स्टुडिओची. नाव किंवा सही छापायची असेल, तर ट्रेडमार्क कुणाकडे आहे ते पाहायचं. चौथा हक्क खुद्द ओळखीचा. एखाद्याचं नाव, चेहरा, आवाज वापरून माल विकायचा, तर त्याची परवानगी हवी. अमेरिकेत हा 'राइट ऑफ पब्लिसिटी', आपल्याकडे प्रसिद्धीचा हक्क.

माणूस जिवंत असेपर्यंत यात गुंता कमी. मेल्यावर हा हक्क उरतो का, हे अमेरिकेत राज्याराज्यावर ठरतं. पडद्यावर ड्रॅक्युला गाजवणाऱ्या बेला लुगोसीच्या वारसांनी युनिव्हर्सल स्टुडिओला कोर्टात खेचलं, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितलं, की हा हक्क माणसाबरोबर संपतो. त्यावर उपाय म्हणून तिथल्या विधिमंडळाने १९८४ मध्ये कायदा करून मृत्यूनंतर ५० वर्षांचं संरक्षण दिलं, पुढे ते ७० वर्षं केलं. इंडियाना राज्याने १९९४ मध्ये थेट १०० वर्षं देऊन टाकली. मेरिलिन, जेम्स डीन अशा दिवंगत ताऱ्यांचे परवाने त्या काळी विकणारी सीएमजी वर्ल्डवाइड ही कंपनी त्याच इंडियानातली.

२००६ मध्ये इंडियानापोलिसमधल्या टार्गेटच्या दुकानात मेरिलिनच्या चित्राचा एक टी-शर्ट विकला गेला. कॉलरच्या आत लेबल होतं शॉ कुटुंबाचं. वाऱ्यावर उडणाऱ्या पांढऱ्या झग्याचे मेरिलिनचे जगप्रसिद्ध फोटो काढणारे सॅम शॉ, त्यांचं हे कुटुंब. स्ट्रासबर्ग पक्षाने हरकत घेतली आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात गेलं. २००७ मध्ये न्यायाधीश कॉलीन मॅकमॅहन यांनी दिलेला निकाल साधा होता. जो हक्क १९६२ मध्ये अस्तित्वातच नव्हता, तो मेरिलिन कुणाला देऊन जाणार? इंडियानाने नंतर कितीही उदार कायदा केला, तरी तो तिच्या मृत्युपत्रात मागल्या दाराने शिरू शकत नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने नवा कायदा करून हा हक्क जुन्या मृतांनाही लागू केला. विधेयक मांडणाऱ्या सिनेटर शीला क्युएल पूर्वाश्रमीच्या अभिनेत्री आणि सही करणारे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर. स्ट्रासबर्ग पक्षाने आता मेरिलिन ही कॅलिफोर्नियाची रहिवासी होती, असा पवित्रा घेतला. पण कागद आड आले. तिच्या मृत्यूनंतर कॅलिफोर्नियाचा वारसा कर टाळण्यासाठी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनीच ती न्यूयॉर्कची रहिवासी असल्याचं लिहून दिलं होतं. २०१२ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने बजावलं, की कर वाचवताना न्यूयॉर्क आणि चेहरा विकताना कॅलिफोर्निया, असं दोन्हीकडून खाता येणार नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये तर मृतांना असा हक्कच नव्हता. पुढे २०२१ पासून तो मिळाला, पण केवळ त्यानंतर मरण पावणाऱ्यांना.

या खटल्यातला दुसरा पक्ष होता छायाचित्रकार मिल्टन ग्रीन यांचा संग्रह. फॉक्स स्टुडिओच्या तावडीतून सुटण्यासाठी ज्याच्याबरोबर मेरिलिनने स्वतःची निर्मिती कंपनी काढली, तोच हा ग्रीन. मालकांची साखळी लांबत गेली, की तिच्या भागीदाराने काढलेल्या फोटोंविरुद्धही तिच्याच नावाने भांडता येतं.

विकली जाणारी पोझ

यानंतर धंदा थांबला का? नाही. २०११ मध्येच ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुप या कंपनीने मेरिलिनचे हक्क विकत घेतले होते. चेहऱ्याचा हक्क निसटला तरी नावाचे ट्रेडमार्क राहिले आणि वापर चालू ठेवून नूतनीकरण करत राहिलं तर ट्रेडमार्कला मुदत नसते. २०१३ मध्ये शनेलने नंबर फाइव्ह अत्तराच्या जाहिरातीत तिचा जुना ध्वनिमुद्रित आवाज वापरला. २०२४ मध्ये ऑस्टिनच्या एका महोत्सवात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, प्रेक्षकांशी गप्पा मारणारी 'डिजिटल मेरिलिन' सादर झाली.

परवाने विकणाऱ्याला झटकन ओळखू येणारी मेरिलिन हवी असते. सोनेरी केस, गालावरचा तीळ, उडणारा झगा. हे त्याचं पाप नव्हे, हिशेब आहे. पण त्या हिशेबात न बसणारी मेरिलिन मग झाकोळते. १९५५ च्या अखेरीस फॉक्सला नमवून दिग्दर्शक नाकारण्याचा अधिकार करारात मिळवणारी नटी टी-शर्टवर येत नाही. तिची टिपणं, पत्रं, कविता 'फ्रॅगमेंट्स' या पुस्तकात आल्या, त्याला २०१० साल उजाडावं लागलं. हे कागद ॲना स्ट्रासबर्ग यांच्याकडच्याच सामानातले, हे त्यांच्या खात्यावर जमाच करायला हवं.

अर्थात, जिवंतपणी तरी तिचा चेहरा पुरता तिचा कुठे होता? १९४९ मध्ये तिने ५० डॉलरसाठी एका कॅलेंडरला नग्न छायाचित्रं दिली. ती ह्यू हेफ्नर यांनी कॅलेंडर कंपनीकडून घेतली आणि १९५३ च्या अखेरीस 'प्लेबॉय'चा पहिला अंक त्यांवर उभा केला. तिला ना विचारलं, ना वेगळा पैसा दिला. पुढे १९९२ मध्ये हेफ्नर यांनी तिच्या शेजारची दफनाची जागाही ७५ हजार डॉलरना घेतली आणि २०१७ मध्ये त्यांना तिथेच ठेवण्यात आलं.

घरचे असले तरी

मालक परका म्हणून हे घडलं, असं वाटेल. फ्रेड ॲस्टेअरचं उदाहरण त्यावर उतारा आहे. १९९७ मध्ये अमेरिकी टीव्हीवर दहा वर्षांपूर्वी वारलेला हा नर्तक व्हॅक्यूम क्लीनर हातात घेऊन नाचताना दिसला. जुन्या सिनेमातली चित्रफीत संगणकावर बदललेली होती. परवानगी त्याच्या पत्नीची होती आणि मुलगी संतापली होती. दोघीही घरच्याच. त्याला काय आवडलं असतं, यावर मात्र एकमत नव्हतं. कायद्याने एकीच्या हाती सही दिली, प्रश्न मिटला.

अभिनेता रॉबिन विल्यम्सने हा पेच आधीच ओळखला असावा. २०१४ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या कागदपत्रांत नाव, सही, छायाचित्र यांचे हक्क एका धर्मादाय संस्थेकडे सोपवलेले होते आणि २०३९ पर्यंत त्यांचा व्यापारी वापर रोखलेला होता. निर्णय वारसांच्या मर्जीवर न ठेवता त्याने तो स्वतःच करून टाकला. २०२३ च्या संपानंतर हॉलिवूडच्या कलाकार संघटनेने करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमतीची अट घालून घेतली, ती मृत कलाकारांनाही लागू आहे. कॅलिफोर्नियानेही २०२४ मध्ये दिवंगतांच्या डिजिटल प्रतिकृतींवर कायदा केला.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे प्रसिद्धीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांच्या आदेशांवर तो उभा आहे. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जॅकी श्रॉफला नाव, आवाज आणि चेहऱ्याच्या विनापरवाना व्यापारी वापरापासून अंतरिम संरक्षण दिलं. 'जग्गूदादा' आणि 'भिडू' या त्याच्या ओळखींचाही मुद्दा त्या दाव्यात होता. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या कृत्रिम नकलांना अटकाव केला.

हे जिवंतांचं झालं. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की खासगीपणाचे आणि प्रसिद्धीचे हक्क त्याच्याबरोबरच संपले, वारसांकडे ते येत नाहीत. जयललितांवरच्या चित्रपटाच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाचा सूरही तसाच होता. याला चांगली बाजू आहे. नटाचं चरित्र सांगायला वारसांची परवानगी लागू लागली, तर उरतील फक्त आरत्या. अमेरिकेतही मृतांच्या चेहऱ्याचा हक्क मालाच्या विक्रीपुरता असतो. चरित्रं आणि चरित्रपटांना मोकळीक असते. पण गोष्ट सांगणं वेगळं आणि मेलेल्या नटाच्या तोंडून गुटखा विकणं वेगळं. हा फरक आखणारी रेघ आपल्याकडे मृतांसाठी अजून नीट ओढलेली नाही. आधार आहे तो तुटपुंजा. उदाहरणार्थ, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४ नुसार गेल्या वीस वर्षांत वारलेल्या व्यक्तीशी संबंध सुचवणारं चिन्ह नोंदवायचं असेल, तर निबंधक वारसांची लेखी संमती मागू शकतात.

नटाचा वारसा म्हणजे त्याचा चेहरा एवढंच मानायचं असेल, तर हा सगळा वकिलांचा प्रांत आहे. पण २०२४ मध्ये कान महोत्सवात 'मंथन'ची नवी प्रत दाखवली गेली, तेव्हा स्मिता पाटीलला जाऊन ३७ वर्षं झाली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ती प्रत दुरुस्त केली नसती, तर स्मिताचा एकही ट्रेडमार्क तिला पडद्यावर आणू शकला नसता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून हेच काम चालत आलं आहे. प्रतिमेतून पैसा मिळतो म्हणून तिच्यावर भांडायला माणसं असतात. कुजणाऱ्या रिळांसाठी कोर्टात कुणी जात नाही.

म्हणून आजच्या कलावंताने, मग तो मोठ्या पडद्यावरचा असो की मालिकेतला, मृत्युपत्रात फ्लॅट आणि ठेवींच्या खाली आणखी चार गोष्टी लिहायला हव्यात. माझा चेहरा आणि आवाज कशासाठी कधीच वापरायचा नाही. बाकीचं कुणी ठरवायचं आणि तो माणूस गेल्यावर कुणी. पत्रं, पटकथा, फोटो कोणत्या संग्रहालयात जायचे. आणि उत्पन्नातला किती वाटा मूळ काम जपण्यावर खर्च व्हायचा. कायदा नसताना हे कागद सगळीकडे टिकतील असं नाही, म्हणून हीच कलमं आज प्रत्येक निर्मात्याबरोबरच्या करारातही हवीत. मेरिलिनने 'इच्छा' लिहिली आणि ती दुसऱ्याच्या मर्जीवर सोडली. विल्यम्सने मनाई लिहिली आणि तिच्यापुढे तारीख घातली. दोघांच्या माघारी जे घडलं, त्यातला बराचसा फरक या दोन वाक्यांचा आहे.