खर्च न झालेली शिल्लक

वर्षअखेरीस खात्यात शिल्लक दिसली की व्यापारी कुटुंबास समाधान वाटते. पेढीवर वाढलेल्या पिढीला हा संस्कार निराळा शिकवावा लागत नाही. अशा घरांतील काही मुले-मुली आज मेलबर्न, सिडनी येथे स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी दिव्यांग अपत्य आहे, त्यांच्या हाती मात्र एक असा हिशेब येतो, ज्यात शिल्लक ही चिंतेची बाब ठरू शकते.

ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने ‘नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम’ अस्तित्वात आली. नावात विमा असला तरी लाभार्थी हप्ता भरत नाही; खर्चाचा काही भार उचलण्यासाठी २०१४ मध्ये तेथील मेडिकेअर अधिभार दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला. कुटुंबाचे उत्पन्न येथे विचारात घेतले जात नाही. कायमस्वरूपी दिव्यांगत्व असावे आणि प्रवेशाच्या वेळी वय ६५ च्या आत असावे, या मुख्य अटी. नागरिकत्व अथवा कायम वास्तव्याचा परवाना हवा. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांनी प्रस्थानापूर्वीच हे ध्यानी घ्यावे.

मंजूर रक्कम शीर्षनिहाय येते. दैनंदिन मदत हे एक शीर्ष, थेरपी व कौशल्यवृद्धी हे दुसरे, चाकाची खुर्ची किंवा घरातील फेरबदल हे तिसरे. सामान्यतः एका शीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे वळवता येत नाही. घरभाडे आणि किराणा यांना तर तेथे स्थानच नाही.

व्यवस्थापन सरकारी यंत्रणेकडे सोपवता येते, मान्यताप्राप्त प्लॅन मॅनेजरकडे देता येते, किंवा स्वतः करता येते. प्लॅन मॅनेजरचे शुल्क योजनेतूनच मिळते. स्वतः करणाऱ्याने स्वतंत्र बँक खाते ठेवावे, प्रत्येक बिल पाच वर्षे जपावे. कीर्द-खतावणीची सवय असलेल्या घरास यात अवघड काय असणार!

अवघड जाते ते खर्च करणे. समजा, वर्षाला दैनंदिन मदतीचे ४८,००० डॉलर मंजूर झाले. २०२५ पासून नव्या योजनांत अशी रक्कम बहुधा तिमाही हप्त्यांत खुली होते, म्हणजे दर तिमाहीस १२,०००. एका तिमाहीत उरलेले पुढील तिमाहीस मिळतात. पण योजनेची मुदत संपून नवी योजना आली की जुनी शिल्लक तिच्यात ओढता येत नाही. शिवाय फेरआढाव्यात प्रश्न उभा राहू शकतो, की रक्कम वापरलीच नाही, तर तिची गरज होती काय?

त्या शिल्लकीचा उगम बहुतेकदा स्वयंपाकघरात असतो. ‘आपल्या मुलाला आंघोळ घालायला परका माणूस कशाला?’ असे म्हणून आई ते काम स्वतः करते. अपवादात्मक परिस्थिती वगळता जवळच्या नातेवाइकास या निधीतून मोबदला मिळत नाही. तिचे तास कोणत्याही बिलात उमटत नाहीत. खाते भरलेले दिसते, आणि तिची कंबर मात्र दरवर्षी थोडी अधिक वाकते. ज्यास काटकसर म्हटले गेले, ती मुलाला न मिळालेली मदत असते. तो परक्या हाताने जेवायला शिकत नाही, एकट्याने बसमध्ये चढायला शिकत नाही.

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचा बालकाचे प्रतिनिधी म्हणून असलेला अधिकार संपतो. मुलाला स्वतः निर्णय घेणे शक्य नसेल, तर त्याच्या वतीने ‘नॉमिनी’ नेमावा लागतो. बँक खात्याच्या नॉमिनीशी याची गल्लत करू नये. येथे नॉमिनीला मृत्यूनंतर रक्कम घ्यायची नसते, व्यक्ती हयात असताना तिची इच्छा जाणून व्यवहार करायचे असतात.

म्हणून काही सुजाण पालक हिशेबाच्या वहीसोबत दुसरी वही ठेवतात. कोणता मदतनीस मुलाला रुचतो, कोणत्या आवाजाला तो घाबरतो, बिल कोणत्या वारी येते, हे सारे तीत लिहितात. ती वही धाकट्या बहिणीला अथवा चुलतभावाला आतापासून वाचावयास देतात, आणि महिन्यातून एकदा बिले चुकती करण्याचे काम त्यांच्याकडूनच करून घेतात.