गोठ्यांतील जलसंत्रास

गाय चारा टाकते, तोंडांतून सारखी लाळ गळते, घास गिळवत नाहीं. अशा वेळीं घशांत कांहीं अडकलें असावें हाच विचार आपल्या मनांत प्रथम येतो. मग एकानें शिंगें धरावयाचीं व दुसऱ्यानें हात घालून घसा चांचपावयाचा, ही रीत घरोघर चालत आलेली आहे. कधीं कांटा निघतोही. परंतु त्या गाईस दोन-तीन महिन्यांपूर्वीं पिसाळलेलें कुत्रें चावलें असेल, तर तिची लाळ प्राणघातक असते, आणि हातावरचा लहानसा ओरखडाही त्या लाळेस पुरेसा होतो. म्हणून ह्या रोगाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जलसंत्रास अथवा रेबीज हा मेंदूचा रोग आहे. त्याचा विषाणु लाळेवाटे जखमेंत शिरतो व मज्जातंतूंच्या वाटेनें हळूहळू मेंदूकडे जातो. ह्या प्रवासास बहुधा दोन-तीन महिने लागतात. क्वचित् आठवडा, क्वचित् वर्षही लागतें. मेंदूंत पोंचल्यावर तो लाळेच्या ग्रंथींत उतरतो. लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य काय किंवा जनावर काय, बहुधा वांचत नाहीं.

कांहीं जनावरें घोगऱ्या आवाजानें सारखीं हंबरतात व अंगावर धांवतात. तीं सहज ओळखूं येतात. कांहींचे मात्र मागचे पाय लटपटतात, घसा लुळा पडतो व लाळ गळते. हा मुका प्रकार अधिक फसवा. पिसाळलेलें जनावर पाण्यास भितें, हा समजही चुकीचा आहे. पाण्याची ती भीति माणसांत दिसते. जनावर पाण्यापाशीं गेलें म्हणून निःशंक होऊं नये.

६ जुलै १८८५ रोजीं फ्रान्समध्यें लुई पाश्चर ह्यांनीं कुत्र्यानें चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलास लस दिली व तो वांचला. विषाणु मेंदूंत पोंचण्यापूर्वीं शरीराची तयारी व्हावी, हेंच ह्या लसीचें मर्म होय. आपल्या देशांत पुढें मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पुष्कळ वर्षें पोटांत टोंचीत असत. ती लस आतां बंद झाली आहे. पण तिची धास्ती अजून गेलेली नाहीं, व ह्या धास्तीपायीं लोक दवाखाना टाळतात. आजची लस दंडांत देतात आणि ती महिन्याभरांत चार-पांच खेपांत पुरी होते.

दंश होतांच जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तीवर चुना, तिखट, हळद वा तेल लावूं नये. डाग देऊं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. जखम खोल असल्यास लसीखेरीज जखमेभोंवतीं प्रतिविषाचें औषधही टोंचावें लागतें. चावलेलें कुत्रें दहा दिवस नजरेखालीं ठेवावें, पण तेवढ्यासाठीं लस लांबवूं नये. एक-दोन खेपांनंतर बरें वाटतें म्हणून राहिलेल्या खेपा सोडूं नयेत.

जनावरास कुत्रें चावल्यास त्याचीही जखम अशीच धुवावी, मात्र हातांत रबरी मोजे घालूनच. व त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलावून लस टोंचून घ्यावी. रोगाचा संशय आल्यास जनावर वेगळें बांधावें, पोरांस जवळ जाऊं देऊं नये. त्याचें दूध वापरांत आणूं नये. कोणीं तें कच्चें प्यालें असल्यास डॉक्टरांस सांगावें. मेलेल्या जनावराचें कातडें न सोलतां तें खोल पुरावें.

खरा बंदोबस्त मात्र कुत्र्यापाशीं आहे. माणसांस होणारा हा रोग शंभरांत नव्व्याण्णव वेळां कुत्र्यापासूनच येतो. गांवांतील शेंकडा सत्तर कुत्र्यांस लस मिळाली तर रोगाची सांखळी तुटते. राखणीचें कुत्रें तीन महिन्यांचें होतांच त्यास लस द्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी.

हा रोग आपणांस मुदत देऊन येतो. ती मुदत अंगारे-धुपाऱ्यांत व उतारे करण्यांत घालवूं नये, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे. आणि लाळ गाळणाऱ्या गाईच्या तोंडांत उघडा हात तर कधींही घालूं नये.