घरची शाळा

इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचे आहे, पण ते शाळेतच घ्यावे असे बंधन नाही. १९९६ च्या शिक्षण कायद्यानुसार पालक मुलांना घरी शिकवू शकतात. सरकारी अभ्यासक्रम पाळावा लागत नाही. मात्र खर्च आणि जबाबदारी पालकांचीच. म्हणून मुलाच्या आवडीला गणित, इतिहास, भाषा जोडून द्यावी लागते.

रीडिंगच्या संग्रहालयात फ्रान्समधील प्रसिद्ध बायो भरतकामाची १८८६ साली पुरी झालेली, सुमारे ७० मीटर लांबीची नक्कल आहे. घोडे आवडणारे मूल तिथे घोडे मोजते आणि १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई समजून घेते. घरी आजीकडून सुई, दोरा, टाका हे शब्द शिकते. ती नक्कल करणाऱ्या बायकांनी आपापल्या कामाखाली नावे भरली आहेत; तसेच मुलानेही रुमालावर आपले नाव मराठीत भरावे.