साखळीची पहिली कडी कोण हलवणार?

समजा, पुण्यातलं एक कुटुंब कसबा पेठेतून कोथरूडला राहायला गेलं. घर बदललं, पण आधारवरचा पत्ता जुनाच राहिला. संगणकाला हे कसं कळलं नाही? कोणी सांगितलंच नाही म्हणून!

ओळखीच्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीत प्रत्येक बदल ही कामांची साखळी असते: अर्ज, पुरावा, तपासणी, नोंद. काही साखळ्या तारीख उलटली की आपोआप सुरू होतात. पत्त्याचं तसं नाही. तिथे सुरुवातीची कळ माणसाच्याच हाती द्यावी लागते.

मुलांचं उदाहरण पाहा. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत. फोटो घेऊन ते आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडतात. पुढे 5 व्या आणि 15 व्या वर्षी ठसे आणि बुबुळांची नोंद करावी लागते. जन्मतारीख संगणकाकडे आहेच, तो आठवण करील. पण यंत्रावर बोट ठेवायला मूलच यायला हवं. सात वर्षं उलटूनही हे झालं नाही, तर क्रमांक निष्क्रिय होऊ शकतो. (दुसरीच्या वर्गात एकदा चौकशी करून पाहा.)

मग कळ सर्वांच्या हाती दिली तर गोंधळ नाही होणार? नाही. सुरू करणं आणि मंजूर करणं या वेगळ्या कड्या आहेत. पत्ताबदलाचा अर्ज घरबसल्या करता येतो, पण पुरावा तपासल्याशिवाय नोंद बदलत नाही. आपल्या ठशांना कुलूप लावायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही. त्यात नोंदीतलं काहीच बदलत नाही.